इंग्रजी फेब्रुवारीत

डॉक्टरांनी आधी दार लावायला सांगितलं. ते विलासरावांनी लावलं. मी उभाच राहिलो, कारण माझ्या पँटला रंग होता आणि त्यांच्या खोलीतल्या खुर्च्यांना पांढरं कापड होतं.

"बसा," डॉक्टर म्हणाले.

"वाळलाय की रंग. बसा, दाजी," विलासराव म्हणाले. विलासराव म्हणजे शैलजाचे थोरले भाऊ. त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. तेवढ्यावरून मला कळायला हवं होतं. त्यांनी माझा हात कधी धरला नव्हता.

डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली आणि पेनाचं टोक एका जागी टेकवलं.

"स्वादुपिंडाला गाठ आहे. ती पित्ताच्या नळीवर दाबते, म्हणून त्या पिवळ्या पडल्यात. गाठ लिव्हरपर्यंत गेली आहे. आता ऑपरेशनचा उपयोग नाही."

"मग कशाचा आहे?" मी विचारलं.

"आत एक छोटी नळी बसवू. पिवळेपणा उतरेल, खाज थांबेल, जेवण जायला लागेल. काही दिवस त्यांना खूप बरं वाटेल." त्यांनी फिल्म खाली ठेवली. "त्या दिवसांत घरातलं बोलणं-चालणं उरकून घ्या. आणि त्यांना सांगा. शिकलेल्या बाई आहेत, त्यांना सांगायला पाहिजे."

"तिला न्हाई सांगायचं," विलासराव म्हणाले.

"किती दिवस?" मी विचारलं.

"दिवाळीपर्यंत धरा. त्याच्या पुढचा शब्द मी देत नाही."

तेव्हा शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. खाली रस्त्यावर पोरांचा कालवा चालला होता.

जिन्यात विलासरावांनी मला थांबवलं. "आप्पांचं आठवतंय न्हवं?" आप्पा म्हणजे माझे सासरे. त्यांना त्यांचा आजार सांगितला, त्या दिवशी त्यांनी ताट बाजूला सारलं ते पुन्हा ओढलं नाही. भिंतीकडं तोंड करून झोपले आणि तसेच गेले. "तिला कावीळ सांगायची. दिसायला तरी कावीळच हाय. माझी शपथ हाय तुम्हाला, दाजी."

मी नाही म्हणालो नाही. मला तेव्हा कुणीतरी काय करायचं ते सांगायला हवंच होतं.

शैलजा कॉटवर बसून तळहात खाजवत होती. डोळे पिवळे, तोंड पिवळं, पण केस नीट विंचरलेले.

"काय म्हणाले?"

"कावीळ," विलासराव म्हणाले. "पित्ताच्या नळीत खडा अडकलाय. नळी घालत्यात, दोन-चार दिवसांत घरी."

"मग ह्यांना घाम का फुटलाय?"

"डॉक्टरांच्या पांढऱ्या खुर्चीवर बसवलं दाजींना."

ती हसली. माझ्या पँटकडं बघून पुन्हा हसली. मग म्हणाली, "म्हणजे मार्चपर्यंत मी ठणठणीत."

"मार्चला काय हाय?" विलासरावांनी विचारलं.

"परीक्षा," ती म्हणाली.

ही परीक्षा काय, ते सांगायला पाहिजे. शैलजा तासगाव रस्त्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला होती. तिथं बेदाणा ठेवतात. कुणाचा माल कुठल्या चेंबरमध्ये, कुठला आधी काढायचा, कुठल्या व्यापाऱ्याला थांबवून ठेवायचं, हे सगळं तिच्या डोक्यात असायचं. मॅनेजर बदलत गेले, ती होती तिथंच राहिली. मालक भला माणूस होता. एकदा म्हणाला, मॅडम, खुर्ची तुमचीच आहे, पण बँक आणि परदेशातली गिऱ्हाइकं डिग्री विचारतात. एमबीए करा, मी कामाच्या वेळा सांभाळून घेतो. त्याला प्रवेश परीक्षा होती. एकदा ती बसलीही होती. गणित बरं गेलं, तर्काचे प्रश्न तर फारच बरे गेले, पण इंग्रजीनं खाली ओढलं. मराठी शाळेतली बी.कॉम. बाई. इंग्रजीचा उतारा दिसला की ती तो सोडून पुढं जायची, आणि परत येईपर्यंत वेळ संपायचा. त्या दिवशी घरी येऊन तिनं चप्पल काढली आणि म्हणाली, "पुढच्या वेळी तिला आधी धरते." इंग्रजीबद्दल ती अशीच बोलायची, एखाद्या शेजारणीबद्दल बोलावं तशी.

आम्हाला मूल नव्हतं. मी यशवंत पेंटर. मिरजेत मला याच नावानं ओळखतात. सातवीपर्यंत शिकलो, मग ब्रश हातात घेतला. तिच्या शिक्षणाचं मला कौतुक होतं आणि थोडी भीतीही होती.

नळी बसवल्यावर डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. तिचा पिवळेपणा उतरला. खाज गेली. ती घरात हिंडायला-फिरायला लागली. पण कावीळ म्हटल्यावर पथ्य आलं. तेल बंद, हळद बंद, तळलेलं बंद. मी सकाळी मऊ भात आणि बिनफोडणीचं मुगाचं वरण करून कामावर जायचो. विलासराव उसाचा रस आणि फुटाणे आणून द्यायचे. जिला प्रत्येक घासाला मिरचीचा खर्डा लागायचा ती बाई ते वरण ढवळत बसायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हवं ते खाऊ द्या. पण हवं ते खाऊ दिलं असतं तर कावीळ कुठं राहिली असती?

विलासरावांनी औषधी मुळ्यांची माळही आणली. आमच्याकडं काविळीला ती घालतात. आधी डोक्यावर मावेल एवढी लहान असते. रोज थोडी थोडी मोठी होत गळ्यात उतरते, मग छातीवर, आणि कमरेखाली गेली की कावीळ उतरली. माळ ओल्या मुळ्यांची असते, वाळेल तशी सैल पडत जाते. ते सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे घालतात.

"मी बी.कॉम. आहे, दादा," ती म्हणाली.

"असशील. डोकं पुढं कर."

तिनं डोकं पुढं केलं.

एका रविवारी सकाळी तिनं तस्लीमला बोलावलं. तस्लीम आमच्या शेजारच्या सतारमेकरांची मुलगी. तीच परीक्षा देऊन, एमबीए करून ती सांगलीत बँकेत लागली होती. येताना तिनं जुन्या पुस्तकांचा गठ्ठा आणला आणि स्वयंपाकघरात पाटावर बसली.

"काकी, माळ मस्त दिसते. बँकेत घालून येऊ का?"

"काविळीशिवाय मिळत नाही. ते सोड. अभ्यास कसा आखायचा ते सांग."

"एकच सांगते. जे जमतं ते शेवटी. जे जमत नाही ते आधी. सगळी पोरं उलटं करतात. आवडीचं करत बसतात आणि परीक्षा जवळ आली की रडतात."

"म्हणजे इंग्रजी आधी."

"इंग्रजी आधी, मग गणित, मग आकृत्या. तर्काचं तुम्हाला शिकवायची गरजच नाही. ती कोडी तुम्ही जानेवारीत गंमत म्हणून सोडवा." मग ती माझ्याकडं वळली. "काका, यांना टाइमटेबल करून द्या. रोज सकाळी काय, दुपारी काय. ठळक अक्षरात."

"मी?"

"तुम्हीच," शैलजा म्हणाली. "एवढ्या बंगल्यांची कामं आखता. माझा एक अभ्यास आखता येत नाही?"

आमच्या धंद्यात सगळं भिंतीवर लिहितात. रंग लावायच्या आधी पुट्टीवर पेन्सिलनं किती डबे, किती माणसं, कुठली खोली कधी, ते लिहून ठेवायचं. कागद हरवतो, भिंत हरवत नाही. शेवटी सगळं रंगाखाली जातं. आमचं स्वतःचं घर पुट्टीवरच थांबलं होतं. गिऱ्हाइकांची घरं संपत नव्हती आणि आमच्या घराला कधी घाई नव्हती. स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारची भिंत मोकळी होती. मी तिथं पेन्सिलनं महिने लिहिले. जुलै, ऑगस्ट असे खाली खाली, मार्चपर्यंत.

तस्लीम निघून गेली होती. शैलजा पाटावर बसून बघत होती. मी जुलैपुढं लिहिलं, बैठकीची कोडी. ऑगस्टपुढं लिहिलं, नात्यांची कोडी. मग आकृत्या, मग गणित. दिवाळीचा महिना मोकळा सोडला. तिनं विचारलं तर सांगायला, की सणाचा महिना आहे. इंग्रजी फेब्रुवारीत लिहिलं.

तिनं काही विचारलं नाही. बराच वेळ भिंतीकडं बघत राहिली आणि म्हणाली, "अक्षर चांगलं आलंय."

ते पाच-सहा आठवडे बरे गेले. मी संध्याकाळी कामावरून यायचो, हात केरोसीननं पुसून साबणानं धुवायचो, आणि ती मला मराठीतलं कोड्यांचं पुस्तक द्यायची. मी वाचायचो, ती सोडवायची.

"आठ जण गोल टेबलाभोवती बसलेत," मी वाचायचो. "सुमती भास्करच्या उजवीकडं तिसरी. भास्करच्या शेजारी डॉक्टर नाही. आता हे लोक स्वतःच बघून का सांगत नाहीत कोण कुठं बसलंय?"

"त्यांनी सांगितलं तर आपल्याला कोण विचारणार? पुढं वाचा."

ती फरशीवर आठ वाट्या गोल मांडायची. सुमतीची वाटी, भास्करची वाटी. एकेक हलवायची. तोंडानं काहीतरी पुटपुटायची आणि एकदम थांबायची. "वकील भास्करच्या समोर. बघा उत्तर." मी मागं बघायचो. बरोबर असायचं. एकदा चुकलं तर म्हणाली, पुस्तकात चूक आहे. दुसऱ्या दिवशी तस्लीमला विचारलं, तर खरंच पुस्तकात चूक होती.

मला वाटायचं, मी चांगलं आखून दिलंय. तिला आवडतं ते तिच्या हातात दिलंय. नावडतं आहे ते लांब ठेवलंय. एवढंच माझ्या हातात होतं.

माळ गळ्यातून छातीवर आली. विलासराव दर आठवड्याला यायचे आणि आधी माळ बघायचे.

"उतरालीय बघ. म्हणालो न्हवतो?"

"होय रे दादा," ती म्हणायची.

माळ खाली येत होती आणि तिच्या हाताच्या बांगड्या कोपराकडं चढत होत्या. ते तिघांनाही दिसत होतं.

मग श्रावणातली एक सकाळ आली. मी भात टाकला होता. त्या वेळी सांगलीत विश्रामबागेत एका बंगल्याचं काम चाललं होतं. ती टेबलाशी बसली होती, समोर वरणाची वाटी.

"बंगल्याचं कुठवर आलं?" तिनं विचारलं.

"छतं झाली. आजपासून भिंती."

"दारं?"

"दारं शेवटी."

"का ओ?"

हे तिला माहीत होतं. तरी मी सांगितलं. "छताचे थेंब भिंतीवर पडतात, भिंतीचे दारावर. वरचं, मान मोडणारं काम आधी करून टाकायचं. दारं सोपी, बसून होतात."

"कुणी सांगितलं की आमची दारं आधी करा, पाहुणे येणार आहेत, तर?"

"तरी नाही करत. मागं एका वकिलाचं काम सोडलं होतं त्यावरून."

"आठवतंय मला." तिनं वाटी बाजूला सारली. "मग माझी दारं आधी का रंगवली?"

मला कळलं नाही. खरंच कळलं नाही. मी तिच्याकडं बघितलं, तर ती भिंतीकडं बघत होती.

"तस्लीम समोर बसून सांगून गेली, अवघड ते आधी. तुमच्या हातात पेन्सिल होती. लग्न झाल्यापासून बघते, तुम्ही साधी गच्ची झाडलीत तरी अवघड कोपरा आधी घेता. आणि माझं इंग्रजी फेब्रुवारीत."

भात खाली लागत होता. मी गॅस बंद केला.

"फेब्रुवारी मला नाही," ती म्हणाली. "होय ना?"

विलासरावांची शपथ मला आठवली. आप्पांचं ताटही आठवलं. तिचं ताट तिनं आत्ताच बाजूला सारलं होतं.

"डॉक्टर दिवाळी म्हणाले," मी म्हणालो.

"यंदा दिवाळी लवकर आहे का उशिरा?"

"नोव्हेंबरात."

"म्हणजे फार लवकर नाही."

मी तिच्या समोर बसलो. काय आहे, कुठं आहे, डॉक्टर काय म्हणाले, सगळं सांगितलं. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. एखादा व्यापारी त्याच्या मालाची अडचण सांगतोय आणि ती ऐकून घेतेय, अशी बसली होती. मी संपवल्यावर म्हणाली, "दादानं शपथ घातली असणार."

"होय."

"आप्पांमुळं. दादाला वाटतं आप्पा ऐकून गेले. आप्पांना पुढं काही करायचंच नव्हतं. शेत वाटून दिलं होतं, बैल विकले होते." मग ती माझ्याकडं बघायला लागली. "रडा की. मी काय म्हणणार आहे?"

मी तिच्यासमोर तेव्हाच काय ते रडलो. तिनं पदरानं माझ्या कानामागचा वाळलेला रंग खरवडला. रोजच खरवडायची.

"कधीपासून माहीत आहे तुला?" मी नंतर विचारलं.

"भिंतीवर लिहिलंत तेव्हापासून."

"मग गप्प का बसलीस?"

"तुम्ही जेवत नव्हता. दवाखान्यातनं आल्यापासून ताटाला नुसता हात लावून उठायचा. ती कोडी वाचायला लागल्यापासून नीट जेवायला लागलात. म्हटलं, चालू दे." तिनं माळ बोटात धरून बघितली. "आता ही काढते. खर्डा करा."

"आत्ता?"

"आत्ता. मिरच्या तव्यावर चांगल्या काळ्या होऊ द्या. लसूण जास्त. तेल घाला."

मी खर्डा केला. भाकरी मला नीट येत नव्हती, फुटली. तिनं फुटलेल्या भाकरीबरोबर खर्डा खाल्ला. तीन-चार घासच गेले. नाकातून, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती म्हणत होती, "पाणी नको. पाणी देऊ नका मध्ये."

मी त्या दिवशी कामावर गेलो नाही. दुपारी तिनं मला भिंतीशी उभं केलं.

"पुसा सगळं. नीट लिहा. इंग्रजी वर घ्या."

"शैला, आता कशाला त्रास करून घेतेस? तुला ते आवडत नाही."

"मला परीक्षेला बसायचंय."

मी भिंतीवरच्या मार्चकडं बघितलं.

"बसणार नाही ते मला कळतंय. पण अभ्यास करायचा तर परीक्षेला बसणाऱ्या बाईसारखा करायचा. तुम्ही मला आजारी माणसाचा अभ्यास आखून दिलात. सोपं सोपं आधी, करमणूक व्हावी म्हणून. असला मला नको. मला तिला एकदा धरायचंच आहे."

मी पॉलिश पेपर घेतला आणि भिंत घासली. पुट्टीचा भुगा खाली पडला. पुन्हा महिने लिहिले. सप्टेंबरपुढं इंग्रजी, ऑक्टोबरपुढं इंग्रजी, नोव्हेंबरपुढंही इंग्रजीच.

"दिवाळी मोकळी सोडू नका," ती म्हणाली. "डिसेंबरात गणित. जानेवारीत आकृत्या आणि नाती. फेब्रुवारीत माझी टेबलाभोवतीची माणसं."

मी लिहिलं. फेब्रुवारी, बैठकीची कोडी.

"आता बरोबर आहे," ती म्हणाली. "आता छत आधी आलं. आणि दादाला कळू द्यायचं नाही मला कळलंय ते. त्याला तेवढं समाधान आहे."

माळ तिनं भिंतीतल्या खिळ्याला अडकवून ठेवली. विलासरावांच्या मोटरसायकलचा आवाज आला की मी ती काढून द्यायचो आणि ती गळ्यात घालायची. खर्ड्याचा तवा मी मोरीत नेऊन लपवायचो. ते आले की समोर मुगाचं वरण. ते गेले की आम्ही दोघं हसायचो. आधी मी आणि विलासराव तिच्याशी खोटं वागत होतो, आता मी आणि ती विलासरावांशी. पण हे खोटं सोपं जात होतं, कारण ती माझ्या बाजूला होती. माळ खिळ्यावरसुद्धा लांबतच होती.

"कमरेखाली गेली की," विलासराव एकदा म्हणाले. वाक्य अर्धंच टाकून ते चप्पल घालायला बाहेर गेले.

इंग्रजीचे उतारे मी वाचायचो. तिचे डोळे लवकर दमायचे, म्हणून ती डोळे मिटून ऐकायची. मी अक्षर अक्षर जुळवून वाचणार.

"तुमच्या तोंडून इंग्रजी ऐकलं की मिरजेतलीच कुठली तरी भाषा वाटते."

"मग कळते तरी का?"

"तुमच्या तोंडून भीती वाटत नाही तिची."

एका उताऱ्यात सीलिंग शब्द आला. मी म्हणालो, हा मला येतो. ती म्हणाली, इथं तो भावाचा आहे, सरकारनं ठरवलेला, त्याच्या वर विकायचं नाही. मी म्हणालो, भावाला कसलं छत? तिनं मला बेदाण्याचा भाव घेऊन सगळं समजावलं. बोलता बोलता उठून बसली. त्या दिवशी ती कामावरच्यासारखी बोलत होती. मला समजलं किंवा नाही, मी मान हलवत राहिलो, म्हणजे ती आणखी बोलेल.

तस्लीम शनिवारी यायची. तिला आम्ही काही सांगितलं नव्हतं, पण तिला दिसत होतं. पहिल्यांदा नवं टाइमटेबल बघून म्हणाली, "हां, हे बरोबर." दुसऱ्या वेळी टाइमटेबलाकडं बघितलंच नाही. नुसती शैलजाचे पाय चेपत बसली आणि शब्द विचारत राहिली.

दिवाळी आली आणि गेली. शैलजा होती. उठून बसता येत नव्हतं, पण होती. तस्लीमनं भाऊबीजेनंतर एक दिवस नुसत्या इंग्रजीची पूर्ण परीक्षा घेतली. ती घड्याळ लावून प्रश्न वाचत होती, शैलजा बोटानं पर्याय सांगत होती. एक बोट म्हणजे पहिला, दोन म्हणजे दुसरा. मध्ये तिला झोप लागली. तस्लीमनं घड्याळ थांबवलं नाही. शैलजाच जागी होऊन म्हणाली, "किती वेळ गेला? वजा करू नकोस. परीक्षेत कोण करतंय?"

तस्लीमनं उत्तरं तपासली. दोनदा तपासली.

"काकी, एवढ्यावर निघालं असतं इंग्रजी."

"खरं सांग."

"खरं. तुमची शपथ."

"माझी नको घालू, ती चालणार नाही," शैलजा म्हणाली. मग मला म्हणाली, "इंग्रजीवर रेघ मारा."

मी भिंतीवर सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, तिन्हींवर रेघ मारली. स्वयंपाकघर तिच्या कॉटवरून दिसायचं. मी मुद्दाम कॉट तशी सरकवली होती. तिनं रेघ बघितली.

"आता गणित. ते जमेल. मग माझी माणसं. सुमती, भास्कर आणि तो वकील."

"आत्ताच घेऊया की ती," मी म्हणालो. "वाट्या आणतो."

"आधी गणित," ती म्हणाली.

गणिताचं पुस्तक मी उशाशी आणून ठेवलं. ते उघडलं गेलं नाही. थंडी पडायला लागली होती. एका सकाळी मी पाणी तापवायला गेलो आणि परत आलो, तेवढ्यात ती गेली होती. तोंड स्वयंपाकघराकडं होतं. आप्पांसारखं भिंतीकडं वळलेलं नव्हतं, असं मी नंतर विलासरावांना सांगितलं, पण का सांगितलं ते सांगितलं नाही.

तेराव्याला माणसं पांगल्यावर विलासराव माझ्याजवळ येऊन बसले. त्यांच्या हातात ती माळ होती. खिळ्यावरून काढली होती. उभी धरली तर जमिनीला टेकत होती.

"एक बरं केलं आपण, दाजी," ते म्हणाले. "शेवटपर्यंत कळलं न्हाई तिला. आशेवर होती. अभ्यास करत होती."

"होय," मी म्हणालो.

"कळलं असतं तर आप्पांसारखं झालं असतं."

"होय."

त्यांनी माळ गुंडाळून खिशात घातली. ती नदीला सोडायची असते. त्यांनी सोडली की ठेवली, मी विचारलं नाही.

परीक्षा मार्चमध्ये झाली. त्या दिवशी मी विश्रामबागेतच दुसऱ्या एका बंगल्याचं छत रंगवत होतो. तस्लीमचं लग्न झालं, ती पुण्याला गेली. पुस्तकं न्यायला आली होती, मी दिली. गणिताचं तेवढं तिनंच मागं ठेवलं.

याला आता सहा वर्षं झाली. विलासराव अजून येतात. दर वेळी उठताना तेच म्हणतात, बरं केलं आपण. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात घर रंगवायला काढलं. दोन्ही खोल्या झाल्या, दारंसुद्धा झाली. स्वयंपाकघराचं छत आधी केलं. मग तीन भिंती केल्या. खिडकीशेजारच्या भिंतीवर डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीवर रेघ नाही. ती भिंत रंगवायची राहिली आहे.